त्रिंबक कासाराचा हात

बांगडी भरताना जोर लावायचा नसतो. आधी समोरच्या बाईचा हात आपल्या डाव्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाशी जी गादी असते ती हलकेच चोळून मऊ करायची, चारी बोटं जवळ आणायची आणि मग तिला काहीतरी विचारायचं. माहेरची खुशाली विचारली तर उत्तम. ती सांगायला लागली की हात सैल पडतो, आणि त्याच घटकेला बांगडी सरकन आत जाते. त्रिंबक कासार तीस वर्षं हे काम करत होता. चकलांब्याच्या आणि आसपासच्या आठ-दहा गावांतल्या बायकांचे हात त्याला तोंडपाठ होते. कुणाचा अंगठा आडवा, कुणाचं हाड रुंद, कुणाला डाव्या हाताला एक माप मोठं लागतं, हे तो न विचारता सांगे. सगळ्यांत अवघड हात अर्जुनराव पाटलांच्या कौशल्याबाईंचा. पंजा जाड आणि बांगडी मात्र मनगटाला घट्ट बसणारीच हवी. त्यांचा हात भरून झाला की त्रिंबक पाणी मागून घेई.

या धंद्यात बांगड्यांपेक्षा नाजूक असं आणखी एक होतं. पाटलांच्या घरी सोयरा आला तरी तो ओसरीच्या पुढं जात नसे. त्रिंबक मात्र पाठीवरचं ओझं सावरत मागच्या दारानं थेट माजघरात जाई. लेकीसुनांचे हात हातात घेई, आणि बाहेर बसलेल्या पुरुषांच्या मनात काही येत नसे. कासाराला परका पुरुष मानायचं नाही, अशी रीतच होती. त्याच्या बापानं आणि आज्यानं ती जपून त्याच्या हवाली केली होती.

आणि त्रिंबक गेली तीन वर्षं अफू खात होता.

मानमोडीच्या सालात तापानं आणि खोकल्यानं घरंच्या घरं बसली, तेव्हा त्रिंबकही आडवा झाला. खोकून खोकून बरगड्या मोडतील असं वाटे. गेवराईच्या एका हकिमानं मोहरीएवढी गोळी दिली. खोकला थांबला, झोप लागली. उठून तो पुन्हा फेरीला निघाला तर गावोगावी निम्मे हात भुंडे. त्या सालच्या वैशाखात त्यानं अकरा नवरींना हिरवा चुडा भरला होता. दिवाळी उलटेपर्यंत त्यांतल्या सहा जणींचे हात मोकळे झाले होते. दोघी तर स्वतःच राहिल्या नव्हत्या. त्या दिवशी घरी येऊन त्यानं खोकला नसताना गोळी घेतली. मोहरीची पुढं ज्वारी झाली, ज्वारीचा हरभरा झाला.

ही सवय लपवण्यात त्याचा निम्मा जीव जाई. गोळ्या लाखेच्या डबीत असत. लाखही काळपट, गोळीही काळपट. सकाळी गोळी घेतली की दोन घटका बसायचं, हात स्थिर झाला की निघायचं आणि दुपार कलायच्या आत शेवटचं घर उरकायचं. अफूनं नाक खाजतं, म्हणून त्यानं तपकिरीची डबी बाळगली होती. तपकिरीला कुणी नावं ठेवत नाही. डोळ्यांवर झापड येई, म्हणून मुंडासं खाली ओढलेलं. गोळ्या आणायला तो माल भरायच्या निमित्तानं गेवराईला जाई आणि अफूच्या ठेक्यावर सांगे, म्हाताऱ्या आईच्या खोकल्याला पाहिजे. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. ठेक्यावर मात्र ती अजून खोकत होती.

एवढी चोरी कशासाठी, हे कळायला सटवा न्हाव्याकडं पाहिलं तरी पुरे होतं. सटव्यानं कुणाचा कान कापला नव्हता, गालावर साधा ओरखडाही काढला नव्हता. त्याला ठेक्यावर कुणीतरी पाहिलं, इतकंच. दुसऱ्या दिवशी चावडीपुढं कुणीतरी ओरडलं, "आरं अफीमची आला बे, नरडी सांभाळा!" सगळे हसले. त्रिंबकही हसला, थोडा जास्तच मोठ्यानं. महिन्याभरात सटव्यापुढं डोकं धरायला कुणी बसेना. आता तो गावाची गुरं राखत होता. वाटेत भेटला की त्रिंबक बांगड्यांच्या माळा सारख्या करायच्या मिषानं मान खाली घाली. न्हाव्याची ही गत, तर बायकांचे हात धरणाऱ्या कासाराची काय होईल? मागचं दार बंद झालं की त्याला दुसरं दार नव्हतं.

यंदाच्या वैशाखात अर्जुनराव पाटलांच्या लेकीचं, बायनाचं लग्न निघालं. चुडा त्रिंबकानंच भरायचा, हे ठरलेलंच होतं.

चुड्याच्या दिवशी कासारानं पहाटे अंघोळ करायची, कालिकादेवीपुढं पहिली बांगडी ठेवायची आणि नवरीचे हात भरून होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पाण्याचा घोट नाही, तपकिरीची चिमूट नाही. त्रिंबकाचा बाप हे कडक पाळायचा.

"गोळी घ्या न् मग जावा," सत्यभामा, त्याची बायको, म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. घरी कुणी विचारलं तर वाताचा त्रास हाय असं सांगून सांगून ती थकली होती. "आज चुडा हाय."

"चुडा हाय म्हणूनच न्हाई घ्यायची. तोंडात काय घालायचं नसतंय."

"रोजचं देवीला दिसत न्हाई व्हय?"

"रोजचं रोज. चुड्याचं न्हाई."

"आन् हात थरथरला म्हंजी?"

"तांबडं फुटायला भरायचाय. तवर काय व्हत न्हाई. आल्याबरुबर घेतो."

तिनं कपाळावर हात मारला. तीन वर्षं रोज खोटं वागणाऱ्या माणसानं एक दिवस खरं वागायचं ठरवलं होतं. त्याला अडवायचं तरी कसं?

तांबडं फुटलं, ऊन आलं, चुडा काही भरेना. नवरीनं सासरचं हिरवं लुगडं नेसून बसायचं, आणि लुगडं आणणाऱ्या गाडीचा आस वाटेत मोडला होता. त्रिंबक माजघराच्या कोपऱ्यात माळा पुढ्यात घेऊन बसून राहिला. आधी जांभया आल्या. मग नाक गळायला लागलं. पोटऱ्यांत कुणीतरी दोरी पिळल्यासारखं होऊ लागलं, अंगावर काटा आला आणि त्याच अंगातून घामाच्या धारा निघाल्या. लाखेची डबी कमरेला होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. असं दहा वेळा झालं असेल.

पाटलांची चुलती चतुराबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "कासारदादा, लगीन बायनाचं हाय, तुजं न्हाई. तुला कावून घाम फुटलाय?"

बायका हसल्या. त्रिंबकही हसला. "उकडतंय लई, आत्याबाई."

"मुंडासं काढ मंग. का टक्कल दिसंल म्हणून भितोस?"

ऊन डोक्यावर आलं तेव्हा लुगडं पोचलं. बायना नेसून पाटावर बसली. बायकांनी गाणं धरलं. त्रिंबकानं तिचा हात हातात घेतला. लोण्यासारखा हात, डोळे मिटूनही भरता यावा असा. पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. तिसरी अंगठ्यापाशी आली, आणि त्याच्या बोटांतून एक झटका गेला. बांगडी कट्कन तुटली आणि काच पोरीच्या मनगटात घुसली.

गाणं थांबलं. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. त्या घटकेला कुणालाच कुठला शब्द सुचला नाही. हिरव्या लुगड्यावर रक्ताचे दोन थेंब पडले. नवरीच्या चुड्यात, लग्नाच्या दिवशी! बायनाच्या मावशीनं तोंडाला पदर लावला आणि एक हुंदका बाहेर पडलाच.

ओसरीवरून अर्जुनरावांचा आवाज आला. "काय झालं गं आत?"

कौशल्याबाई दारापाशी हळदीची परात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पोरीकडं पाहिलं, मग त्रिंबकाच्या बोटांकडं पाहिलं. ती अजून थरथरत होती. त्यांनी परात खाली ठेवली.

"काय न्हाई झालं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "माजाच धक्का लागला. परातीचा काठ बसला कासाराच्या कोपराला."

"रडतंय कोण मंग?"

"रडणारच की. पोरगी सासरला चाललीय. तुमी वऱ्हाडाचं बघा, हितलं मी बघते."

बाहेरचा आवाज थांबला. त्यांनी लेकीच्या मनगटावर हळद दाबली, चतुराबाईला म्हणाल्या, "आत्याबाई, गाणं का सोडलं? धरा," आणि त्रिंबकापाशी वाकून हळूच बोलल्या, "गोठ्यात जा. लाखेच्या डबीत हाय ते घे. तोंड धुवून ये."

त्रिंबकाच्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. त्याच्या तोंडून निघालं ते भलतंच. "पाटलीणबाई, चुडा भरायचाय. तोंडात काय घालता येत न्हाई."

"मग पोरीचं दुसरं मनगट बी कापतोस का? जा."

तो गेला. गोठ्यात बैलाच्या पाठीआड उभं राहून त्यानं गोळी घेतली. बापाची रीत मोडली तेव्हा पाहायला एक कालवड तेवढी होती, आणि ती रवंथ करत होती. हात स्थिर व्हायला वेळ लागला. तोवर कौशल्याबाईंनी आत बायकांकडून तीन गाणी जास्तीची म्हणवून घेतली. मग त्रिंबकानं चुडा भरला. अकरा-अकरा बांगड्या, एकीलाही ओरखडा नाही. हात भरले की नवरीनं कासाराच्या पाया पडायचं असतं. बायना वाकली. आशीर्वादाला उचललेला हात त्याला मधेच जड झाला. तो तिच्या डोक्यापर्यंत पोचलाच नाही.

अक्षता पडल्या. पुरुषांच्या पंगती बसल्या तेव्हा कौशल्याबाई शिधा घेऊन मागच्या दारी आल्या. त्रिंबक ओझं बांधून तयार होता. आता काय ऐकायचं ते त्यानं मनाशी ऐकून ठेवलं होतं.

"कवापास्नं ठाऊक हाय तुमाला?" त्यानंच विचारलं.

"दोन वर्सं झाली. आरं, माजी चार लेकरं त्या गोळीवर वाढली. खुरपायला जाताना तान्ह्याच्या जिभेला लावायची न् झोळीत टाकायचं, सगळ्याच बाया करत्यात. तो वास आमाला न्हाई कळणार? तपकिरीनं आमच्या मालकाला फसीव."

"समद्या बायांना ठाऊक हाय?"

"ज्या ज्या लेकुरवाळ्या हायत त्यांना."

त्रिंबक ओझ्याला टेकून पायरीवर बसला. तीन वर्षं तो ज्यांच्यापासून लपत होता त्या सगळ्या त्याच्यासमोर हात पुढं करून बसत होत्या, आणि त्यांना ठाऊक होतं.

"मग बोलला का न्हाईत कुणी? सटव्याचं तर..."

"सटव्याचं बाप्यांनी केलं. बाप्यांना दुसऱ्याचं सांगायला काय जातंय?" उजव्या हातानं त्यांनी डावं मनगट धरलं. "मागं एका पंचमीला माजं हे मनगट सुजलं होतं. दारात सापडलं म्हणून मी खोटंच सांगितलं, न् तुला ते कळलं. तू एक माप मोठी बांगडी भरलीस न् माहेरची खुशाली सुदिक विचारली न्हाईस. कुणाला बोललास?"

"न्हाई."

"घरी?"

"न्हाई, पाटलीणबाई. हाताचं बाहेर सांगायचं नसतं."

"मग आमी तरी कसं सांगायचं?"

ओसरीवर पंगतीत कुणीतरी भाताला हाका मारत होतं.

"पर आज माज्या लेकीचं रगत सांडलंय," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "मी झाकलं एकदा. दुसऱ्यांदा न्हाई झाकणार. पंचमीला बायना पैल्या सणाला माहेरी यील. तवा हात भरायला तू यायचं. गोळीवर न्हाई यायचं, न् थरथरत बी न्हाई यायचं. जमत नसंल तर गेवराईचा मनियार बोलवीन. आमी बोलवला की गावबी त्योच बोलवंल, हे तुला सांगाया नको."

"सुटत न्हाई हो. दोनदा बघितलं. मरणाचं व्हतं."

"एकदम सोडलं म्हंजी व्हणारच. लेकराची कशी सोडवत्यात ठाऊक न्हाई? सत्यभामेला इचार." आणि लहान मुलाला समजावावं तसं त्यांनी बोटांनी दाखवत सांगितलं. "गोळी मोठी तेवढीच ठेवायची. आत कणीक न् गूळ मिसळायचा. आठ दिसांनी जरा जास्ती कणीक, जरा कमी अफू. लेकरू रडतं, किरकिरतं, रातच्याला झोपत न्हाई. पर मरत न्हाई. श्रावणापरेंत तीन महिने हायत."

पन्नाशीच्या माणसाचं दूध तोडावं तसं ते बोलणं. त्रिंबकाला हसू यावं की रडू, कळेना. शिधा उचलून तो घरी आला.

लाखेची डबी त्यानं सत्यभामेच्या हाती दिली. पाटलीणबाईंचं सांगणं ऐकून तिनं परातीत कणीक घेतली आणि गूळ फोडायला बसली.

पुढचे तीन महिने कसे गेले हे सविस्तर सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळे दिवस एकसारखे होते. सकाळी सत्यभामा गोळी हातावर ठेवी. तो ती चघळे आणि कणकेची चव वाढलेली त्याला कळे. पाय ठणकत. जेवण पोटात ठरत नसे. जांभयांनी जबडा दुखे. शेजारी विचारत, तेव्हा तो हिवताप हाय म्हणे. खोटं अजून संपलं नव्हतं, नुसतं बदललं होतं. फेरी निम्म्यावर आली. जवळच्या दोन गावांत जाई, तिथंही फक्त जुन्या बायांचे सैल हात भरी आणि झाडाखाली पडून राही. कधी कधी वाटे, हा खटाटोप कशासाठी? आयुष्य उरलंय किती? मग त्याला लुगड्यावरचे ते दोन थेंब दिसत, आणि तो उठून ओझं पाठीला मारी.

आषाढात एकदा तो सत्यभामेला न सांगता गेवराईला गेला. ठेक्याच्या दारात उभा राहिला. "काय कासार, आईचा खोकला लई दिस थांबला वाटतं?" ठेकेदार म्हणाला. त्रिंबक म्हणाला, "आई वारली."

"कवा?"

"झाले दिस."

रिकाम्या हातानं परत येताना त्याला सटवा दिसला, माळावर गुरं राखत. त्रिंबकानं या वेळी मान खाली घातली नाही. तो जाऊन त्याच्याजवळ बसला. त्यानं तपकिरीची डबी पुढं केली. सटव्यानं चिमूट घेतली, त्याच्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "सोडाया लागून किती दिस झाले?"

"दोन महिने. अर्धी कणकेची गोळी अजून चालू हाय."

"माजी सुटली दोन वर्सांमागं," सटवा म्हणाला. "पर सुटली म्हणून इचारायला कुणी आलं न्हाई." एवढं बोलून तो एका गायीला वळवायला उठला.

पंचमीच्या आदल्या दिवशी पाटलांच्या माजघरात बायका जमल्या. बायना माहेरी आली होती. मनगटावरची खूण पांढरी पडली होती. शेवटची गोळी घेऊन त्रिंबकाला नऊ दिवस झाले होते. तो मागच्या दारानं आला, ओझं उतरवलं. मुंडासं आज सरळ होतं. हात थरथरत नव्हते, पण पूर्वीसारखे त्याचेही वाटत नव्हते. दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे ते मांडीवर पडले होते.

"आज घाम न्हाई व्हय, दादा?" चतुराबाई म्हणाली.

"न्हाई, आत्याबाई. आज नुसतं भ्या वाटतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. बायना पुढं सरकू लागली तशी कौशल्याबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः पाटावर येऊन बसल्या. डावा हात पुढं केला. गावातला सगळ्यांत अवघड हात.

"घट्ट मापाच्या काढ," त्या म्हणाल्या.

"पाटलीणबाई, उद्या सण हाय. तुमच्या हातात काय कमी-जास्त झालं तर... मालकांचं..." सुवासिनीच्या हातात बांगडी तुटणं म्हणजे कुणाच्या जिवावर, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

"भर."

त्यानं हात हातात घेतला. अंगठ्याची गादी चोळली, बोटं जुळवली. पहिली बांगडी हाडापाशी अडली, थांबली, गेली. दुसरी गेली. तिसरीला त्याच्या कपाळाची शीर उठली. माजघरात इतकं शांत होतं की काच सरकल्याचं ऐकू येई. चौथी गेली. पाचवी अंगठ्यावर आली आणि कट्कन तुटली.

त्रिंबकानं डोळे मिटले. झटका नव्हता, थरथर नव्हती. कधी कधी चांगल्या हातातूनही तुटते तशी तुटली होती. पण हे कोण मानणार? त्यानं हात सोडला आणि पसरलेल्या माळा गोळा करायला लागला. मागच्या दाराकडं पाहून त्याला वाटलं, आता इथून शेवटचं जायचं.

कौशल्याबाईंनी मनगट उजेडाकडं वळवून पाहिलं. कातडी शाबूत होती. मग त्यांनी त्याची बोटं पाहिली, बराच वेळ. ती माळांवर होती आणि स्थिर होती. पदरातले काचेचे तुकडे त्यांनी एका बाजूला झटकले.

"माळा कावून आवरतोस?" त्या म्हणाल्या. "वाढली एक. दुसरी काढ. आन् माहेरची खुशाली इचार की रं, मुक्यानं भरत्यात का हात?"

त्रिंबकानं पुन्हा हात हातात घेतला. अंगठ्याची गादी पुन्हा चोळली.

"भाऊ बरा हाय का, पाटलीणबाई?" त्यानं विचारलं.

"बरा हाय," त्या म्हणाल्या, आणि भावाच्या नव्या विहिरीचं सांगायला लागल्या.